समेटाचा शनिवार

आमच्या घरात मार खायचा वार ठरलेला नव्हता, पण क्षमा करायचा वार ठरलेला होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रभुभोजन असे आणि त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दिवेलागणीला, आमच्या घरी समेट असे. त्या दुपारी आई काळ्या मनुका पातेल्यात शिजायला टाकायची. त्यांचा रस धुतलेल्या पंच्यातून गाळून बाटलीत भरायचा. मंडळीच्या प्याल्यात द्राक्षारस म्हणून तोच जायचा. मग ती प्रभुभोजनाची पोळी करायची, पातळ, बिनतेलाची आणि बिनमिठाची. मीठ का घालत नाहीस असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, मला काय ठावं, सासूबाई घालत नव्हत्या. पोळी फुगू द्यायची नाही, फडक्यानं दाबत दाबत भाजायची. मनुकांचा उरलेला चोथा गूळ घालून आम्ही दोघी बहिणी खायचो. आजही कुणाच्या घरी मनुका शिजत असल्या की आधी माझी पाठ ताठ होते आणि तोंडाला पाणी नंतर सुटतं. आमच्या सोसायटीतल्या बायकांना हे सांगून काही उपयोग नाही, म्हणून मी त्यांच्याकडचा मनुकांच्या सरबताचा पेला मुकाट्यानं पिते.

गाव येरमाळ्यापासून दोन कोसांवर. गावाच्या टोकाला आमची ख्रिस्ती लोकांची आठ-दहा घरं एका ओळीत, मध्ये सामाईक भिंती, आणि शेवटी पत्र्याचं छप्पर असलेलं मंदिर. आमच्यातले जुने लोक चर्चला मंदिरच म्हणत. वडील, म्हणजे अण्णा, गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं हे त्यांचं काम, पण पंचक्रोशीत त्यांना डॉक्टरच म्हणत. अडलेल्या गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून वासरू ओढून काढताना मी त्यांना पाहिलंय. "सोस माय, सोस, झालंच बघ आता," असं ते गाईशी बोलत, आणि तेव्हा त्यांचा आवाज इतका मऊ व्हायचा की मला त्या गाईचा हेवा वाटे. बैलाला आसूड मारणाऱ्या एका शेतकऱ्याला त्यांनी भर रस्त्यात थांबवून झापलं होतं. मुक्या जनावरावर हात उचलणाऱ्याचा त्यांना मनापासून संताप यायचा.

आमच्यासाठी चिंचेचा फोक होता. तो पवित्र शास्त्राच्या फडताळामागे उभा असे आणि उन्हाळ्यात वाळून मोडू नये म्हणून अण्णा त्याला आठवड्यातून एकदा पाणी मारत. गुरांशी आणि गावाशी गावरान बोलणारे अण्णा आम्हाला मारताना मात्र छापील मराठी बोलत. "करुणा, हे मी तुझ्या तारणासाठी करीत आहे," असं मोठ्या बहिणीला, एकेक शब्द सुटा करून, प्रत्येक शब्दाला एक फोक. त्यामुळे अण्णांच्या तोंडून 'आहे' आणि 'नाही' नीट ऐकू यायला लागलं की आम्ही भिंतीला लागायचो. मला मास्तरीण म्हणून पस्तीस वर्षं शुद्ध भाषा शिकवावी लागली. पोरांना वाटायचं, बाई फार गोड बोलतात.

अण्णा दारूला शिवत नसत. ओळीतल्या कुणी पिऊन बायकोला मारलं की अण्णा त्याला घरी बोलावून दोन दोन तास उपदेश करत, तो रडत रडत पश्चात्ताप करून जाई, आणि आई आतून, सुजलेल्या ओठावर ओल्या फडक्याची घडी दाबून, दोघांसाठी चहा बाहेर पाठवी. आईचं मनगट मोडलं ते जेवणाआधीची प्रार्थना चालू असताना तिनं तव्यावरची भाकरी उलटली म्हणून. भाकरी करपत होती. अण्णांनी 'आमेन' म्हटलं, डोळे उघडले, फुंकणी उचलली आणि एकच घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज मला लगोलग कळला, कारण वाळलेली काटकी मोडते तसाच तो होता. मग त्यांनीच बांबूच्या कामट्या तासून, कापूस लावून, शेळीचा पाय बांधावा तसं ते मनगट बांधलं, आणि बांधताना आईला दुखू नये म्हणून त्यांनी किती जपलं म्हणून सांगू. आई ओळीतल्या बायकांना सांगायची, आडावर पाय घसरला, बरं झालं घरातच डॉक्टर आहेत. बायका मान हलवायच्या. भिंती सामाईक होत्या, त्यामुळे आड कुठंय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता समेट. चटई अंथरायची, दिवा मध्ये ठेवायचा. अण्णा मांडी घालून बसत, चष्मा काढून हातात धरत आणि त्या छापील मराठीत, पण वेगळ्या, ओल्या आवाजात म्हणत, या महिन्यात माझ्याकडून तुमचा जो अपराध झाला असेल त्याची मला क्षमा करा. आधी आई, मग मोठी बहीण करुणा, जिला मी अक्का म्हणायची, मग मी. आम्ही एकेकीनं म्हणायचं, प्रभूनं मला केली तशी मी तुम्हाला केली. अण्णांचे डोळे वाहत असत. ते रडणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर मी त्यांना केव्हाच डोक्यातून काढून टाकलं असतं. मग आई शिरा करायची, अण्णा आम्हाला आपल्या हातानं घास भरवायचे, आणि त्या दिवशी आमच्याइतकं सुखी घर जिल्ह्यात नव्हतं. क्षमा नाकारायचा प्रश्न नव्हता. मारणं चूक होती, क्षमा नाकारणं मात्र पाप होतं. शिवाय अण्णा मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी पंच, तेव्हा प्रभुभोजनाचं ताट तेच फिरवणार, आणि ज्याचा घरात कलह आहे त्यानं त्या ताटाला हात लावायचा नाही असा आमच्याकडे दंडक. तेव्हा रविवारचं ताट उचलायला शनिवारची आमची क्षमा लागायची. सोमवारी पाटी कोरी.

हे सगळं मी आज लिहिते तेव्हा वाचणाऱ्याला वाटेल, ही पोरगी बिचारी कोपऱ्यात थरथरत बसत असेल. तसं काही नाही. तेरा वर्षांची मी त्या घरातली सगळ्यात कडक विश्वासणारी होते. ओळीत कुणाच्या घरी संक्रांतीचा तिळगूळ आला, कोण उपासनेत पेंगलं, कोणाच्या पोरीनं गजरा माळला, याची खबर पाळकसाहेबांना माझ्याकडून मिळायची. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या गावाहून मोटारसायकलवर येत. तेव्हाचं उस्मानाबाद, आता धाराशिव. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, ही पोर मंडळीचा दिवा होणार. मी एवढी आगाऊ होते की तो दिवा लागल्यासारखीच चालायची.

त्या वर्षी ईस्टर आणि येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीची चैत्राची यात्रा पाठोपाठ आले. ईस्टरनंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला मला पहिल्यांदा भाकर आणि प्याला मिळणार होता. त्यासाठी धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं पाठ करून मी पाळकसाहेबांपुढं एका दमात म्हणून दाखवली होती. पांढरा फ्रॉक अक्कानं शिवला. ती एकोणीस वर्षांची होती, बारावी झालेली, आणि एसटीनं येरमाळ्याला शिवणक्लासला जायची. तिथली सुनंदा नावाची तिची मैत्रीण. फ्रॉकच्या गळ्याला अक्कानं आतून मऊ कापड लावलं होतं, कारण मला घामोळं येतं हे तिला माहीत होतं.

शनिवारी दुपारी, मनुका शिजत असताना, फ्रॉकचं बटण लावायला दोरा हवा म्हणून मी तिची शिवणाची पिशवी उपसली. तळाशी रुमालाच्या गाठीत पाच पांढरे खडे. येरमाळ्याच्या आसपासच्या कुणालाही ते काय आहेत हे सांगावं लागत नाही. यात्रेत देवीची पालखी डोंगरावरून खाली येते आणि लोक चुन्याच्या रानात वाकून वाकून पांढरे खडे वेचतात. मी अक्काला विचारलं. ती हसलीच. म्हणाली, "सुनंदा येचत होती, म्या बी येचले. उन्हात लई गंमत आली बघ. तिच्या आईनं पुरणपोळी घातली. कुणाला बोलू नको." एवढंच. नवस नाही, देव बदलणं नाही. एका तरुण पोरीला एक दिवस हजारो लोकांत मजा आली होती.

मला गप्प बसता आलं असतं. संध्याकाळपर्यंत चांगले चार तास माझ्या हातात होते. मी त्या चार तासांत स्वतःशी ठरवलं की मी तिला नरकातून ओढून काढणार आहे. त्याच्या तळाशी दुसरंही होतं, तेही सांगून टाकते. उद्या माझा दिवस होता आणि आज अण्णांनी माझ्याकडे पाहावं असं मला वाटत होतं. दिवा लागला, चटई पडली, अण्णांनी चष्मा काढला, आणि ते तोंड उघडायच्या आत मी उठून ते पाच खडे पवित्र शास्त्रावर ओळीनं मांडले. कुठून आले तेही सांगितलं.

अण्णांनी चष्मा परत घातला. फोक काढला. पुढं जे झालं ते मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही. पहिल्यांदा पाठीवर, मग अक्कानं हात पुढं केले म्हणून हातांवर, बोटांवर. "मूर्तीच्या. मेजावरून. उठून. प्रभूच्या. मेजाला. येतेस." अक्का ओरडली नाही, त्यानं ते जास्त चिडले. फोक मोडला. तेव्हा त्यांनी परातीतलं, पीठ लागलेलं लाटणं उचललं. आई मध्ये पडली. अण्णांनी तिला ढकललं ती चुलीवर गेली आणि तिचा हात कोपराखाली तव्याला चिकटला. कातडी जळाल्याचा वास मनुकांच्या वासात मिसळला. तव्यावरची प्रभुभोजनाची पोळी राखेत पडली. लाटणं अक्काच्या खांद्यावर बसलं, मग अण्णांनी ते टाकलं आणि उघड्या हातानं तिच्या डाव्या कानाखाली अशी लगावली की तिचं डोकं चौकटीवर आदळलं. तिच्या कानातून रक्ताची बारीक धार निघून गळ्यावर आली. अण्णांनी ते रक्त पाहिलं आणि थांबले. हातपाय धुवून आले. चटईवर बसले. चष्मा काढला.

आईनं हात पाण्याच्या घमेल्यात बुडवूनच म्हटलं, प्रभूनं मला केली तशी मी तुम्हाला केली. मी म्हटलं. अक्का चौकटीला टेकून होती. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं.

"न्हाय," अक्का म्हणाली.

आमच्या घरात हे कधी घडलंच नव्हतं. अण्णांनी तिला समजावून सांगितलं की क्षमा न करणं हे केवढं मोठं पाप आहे. मग ते उठले आणि क्षमा करत नाही म्हणून तिला मारलं. परत बसले, परत चष्मा काढला, परत मागितली. परत न्हाय. परत उठले. असं चार वेळा झालं. मारायचं, आणि त्या माराची क्षमा मागायची, आणि ती मिळत नाही म्हणून मारायचं. चौथ्या वेळी त्यांचा दम गेला होता, ते हुंदके देत होते, आणि छापील मराठी सुटून गावरान तोंडावर आलं होतं. म्हणाले, "पोरी, उद्याच्याला मला ताट उचलायचंय गं."

अक्काचा ओठ फाटला होता, तरी ती नीट बोलली. "अण्णा, तुमी मारा. हात तुमचाच हाय. पर ते शब्द माझे हायती. ते मी न्हाय देणार."

त्या दिवशी शिरा झाला नाही.

सकाळी आईनं जळक्या हातानं नवी पोळी केली. मी फ्रॉक घातला. अक्का येणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो, पण ती आली, ओढणीनं डोकं आणि कान बांधून, आणि बायकांच्या बाजूला माझ्या शेजारी बसली. अर्धा चेहरा काळानिळा. ओळीतल्या एकीनंही काय झालं म्हणून विचारलं नाही, सगळ्यांनी गीतपुस्तकात डोकं घातलं होतं. अण्णा पांढऱ्या सदऱ्यात मेजाशेजारी उभे. पोळी द्यायच्या आधी पाळकसाहेब दर महिन्याला विचारत, की कुणाचा कुणाशी कलह असल्यास त्यानं आता सांगावं. या प्रश्नाला कधी कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. कुणीतरी एकदा खोकेपर्यंत पाळकसाहेब थांबत आणि पुढं जात. त्या दिवशी अक्का उठली.

"माझा हाय. अण्णांनी मला मारलं आन् आईला भाजवलं. म्या क्षमा केलेली न्हाय."

पाळकसाहेबांनी अण्णांकडे पाहिलं. "समेट झालेला आहे, पाळकसाहेब," ते म्हणाले. माझ्या मनात आलं, आता पाळकसाहेब अक्काचा चेहरा पाहतील. एवढा मोठा पुरावा समोर उभा होता. पण त्यांनी मला विचारलं. म्हणाले, "रूथ, तू आज पहिल्यांदा या मेजापाशी येणार. तू खोटं बोलणार नाहीस. काल समेट झाला का? बहिणीनं क्षमा केली का?"

सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती. नाही म्हटलं असतं तर ताट उचललं गेलं नसतं, उपासना मोडली असती, आणि मला महिनाभर थांबावं लागलं असतं. अण्णांची भीती होती का? होती. पण तेव्हा मनात पहिल्यांदा आला तो महिना. मी म्हटलं, "व्हय. केली."

पाळकसाहेबांनी मंडळीला सांगितलं, की या बहिणीचं मन कठीण झालं आहे, ती पश्चात्ताप करून येईपर्यंत तिनं मेजापासून दूर राहावं. दोन पुरुष उठले, तेच, ज्यांना अण्णांनी दारू सोडायला लावली होती. अक्कानं त्यांना जवळ येऊ दिलं नाही. माझ्या फ्रॉकची कॉलर दुमडली होती ती तिनं जाता जाता सरळ केली आणि ती बाहेर गेली. मग अण्णा ताट घेऊन आले आणि मी पहिल्यांदा प्रभुभोजनाचा तुकडा तोंडात घातला. तो खारट होता. आईनं पोळीत मीठ घातलं होतं, आणि थोडंथोडकं नाही, मूठभर. सगळ्या मंडळीनं तो तुकडा चावला, गिळला आणि चकार शब्द काढला नाही. आयुष्यभरात आईनं अण्णांविरुद्ध केलेली ही एकच गोष्ट, आणि त्यावर ती कधी बोलली नाही.

अक्का त्या दिवशी सुनंदाच्या घरी गेली. तिच्या आईनं तिला महिनाभर ठेवून घेतलं, हळद लावली, आणि एकदाही तिच्या देवाबद्दल विचारलं नाही. पुढं सोलापूरला नर्सिंग करून ती तिथंच राहिली. डावा कान गेला तो गेलाच. अण्णांचा मारता हात मात्र त्यानंतर थोडा आखडला. आम्हाला उतरत्या वयाचा परिणाम वाटला. शेवटी लकवा होऊन ते पडले, तेव्हा अक्का रजा काढून आली. अकरा दिवस तिनं त्यांचं सगळं केलं, हागणं-मुतणं, पाठीच्या जखमा, नखं. अण्णा वाकड्या तोंडानं रोज तेच मागत. ती म्हणे, "तोंड पुसू द्या आधी," आणि पुसून पुढच्या कामाला लागे. त्यांना ते शब्द न मिळता ते गेले. मातीच्या वेळी नव्या पाळकांनी सांगितलं, की कुणाशी एक दिवसही वैर न ठेवलेला माणूस आपण आज पोहोचवत आहोत. मंडळी 'आमेन' म्हणाली. मीही म्हणाले, सवयीनं.

हल्ली मंडळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी त्यावर फुलांच्या चित्रासकट निरोप येतो: कळत-नकळत मन दुखावलं असल्यास क्षमा असावी. खाली पन्नास जणांचे जोडलेले हात. मी एकदाही जोडले नाहीत. यात मोठेपणा नाही, मला ते चित्र बघवत नाही एवढंच.

गेल्या वर्षी मी सोलापूरला अक्काकडे गेले. ती चुलीच्या सवयीनं अजून गॅसपुढंही पाट घेऊन, शेगडी खाली ठेवून भाकरी करते. मी तिच्या उजव्या, ऐकू येणाऱ्या बाजूला बसले आणि पन्नास वर्षं तोंडात धरलेलं सगळं बोलले. खडे मी मांडले ते, आणि 'व्हय, केली' म्हटलं ते. ती म्हणाली, "खडे मांडले तवा मी तिथंच हुते की. आन् दुसरं मी तुझ्या शेजारीच उभी राहून ऐकलं. तवा दोन्ही कान... न्हाय, एकच चालत हुता. पर ऐकलं." आणि स्वतःशीच जरा हसली. मी म्हटलं, अक्का, मला क्षमा कर. तिनं भाकरी उलटली. फुगू दिली. ताटात टाकली, वर तेल-चटणी घातली आणि ताट माझ्यापुढं सरकवलं. मी ताटाला हात लावला नाही. तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

तिनं मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं.

"चष्मा घाल आधी," ती म्हणाली. "अण्णा बी असंच बसायचे."

मी खाली पाहिलं. चष्मा माझ्या हातात होता. केव्हा काढला मला कळलंही नव्हतं. तो मी डोळ्यांवर चढवला, ताट जवळ ओढलं आणि काही न मागता जेवले.